मदत हवी आहे: पाचवीपासून महापालिकेची शाळा निवडावी का? (लालबाग)

सप्रेम नमस्कार.

आमच्या आणि शेजारच्या चाळीतील मिळून सहा मुले यंदा चौथीत आहेत. त्यांची सध्याची मराठी शाळा चौथीपर्यंतच असल्यामुळे जूनपासून पाचवीसाठी दुसरी शाळा पाहावी लागणार आहे. चालत सात मिनिटांवर महापालिकेची शाळा आहे. तेथे आठवीपर्यंत वर्ग आहेत आणि गणित व विज्ञान इंग्रजीतून, म्हणजे सेमी-इंग्रजी पद्धतीने, शिकवले जाते. दुसरा पर्याय एका खासगी इंग्रजी शाळेचा आहे. तिची वार्षिक फी ६०,००० रुपये असून रिक्षा-बसचा खर्च वेगळा. माझे स्वतःचे शिक्षण महापालिकेच्याच शाळेत झाले. गिरणीत कामाला असलेल्या माझ्या वडिलांना शाळा 'निवडण्याचा' प्रश्न कधी पडलाच नव्हता. तो आम्हाला पडला आहे, यालाच प्रगती म्हणायचे असावे.

गेल्या आठवड्यात मी आणि शेजारच्या वहिनी शाळा पाहून आलो. सहावीच्या वर्गात बाई अपूर्णांक शिकवत होत्या. फळ्यावर भाकरी काढून तिचे आठ भाग केले होते. मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "बाई, डिनॉमिनेटर म्हणजे आपला छेदच ना?" बाईंनी तिलाच पुढे बोलावून खडू हातात दिला. हे पाहून आमचे निम्मे मत तेथेच झाले. मात्र शेजारच्या सातवीच्या वर्गात शिक्षकच नव्हते. ते निवडणुकीच्या कामावर गेले होते, मुले धडा उतरवून काढत होती आणि सहावीच्या बाई मधूनमधून दारातून डोकावत होत्या. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढ्याच अशैक्षणिक कामांना शिक्षकांना जुंपता येते, म्हणजे यात बेकायदा काही नाही. पण त्याच कायद्यात सहावी ते आठवीसाठी विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा यांना किमान एकेक शिक्षक आणि ३५ मुलांमागे एक शिक्षक असावा, असेही म्हटले आहे. एक जण कामावर गेला की हे गणित कोण सांभाळते, हे मुख्याध्यापकांना विचारण्याचा धीर आम्हाला झाला नाही.

खरी अडचण मात्र आमचीच आहे. संध्याकाळी गॅलरीत विषय निघाला की प्रत्येक घर म्हणते, "तुम्ही घालत असाल तर आम्हीही घालू," आणि अर्ज कोणीच आणत नाही. सहाही मुले एकत्र गेली, तर वर्गात सोबत राहील आणि शाळा व्यवस्थापन समितीत आमच्यापैकी कोणाला तरी जाता येईल, कारण त्या समितीत ७५ टक्के सदस्य पालकच असावे लागतात. दोघेच गेले आणि चौघे खासगी शाळेत, तर त्या दोन घरांना आपण फसलो असे वाटेल, ही भीती आहे.

म्हणून अनुभवी पालकांना विचारतो. आठवीनंतर नववीसाठी आपल्या मुलांना कोठे प्रवेश मिळाला? अनुदानित शाळांच्या तुकड्या पाचवीपासूनच भरलेल्या असतात, असे ऐकतो. मग आताच तेथे घालणे शहाणपणाचे आहे का? व्यवस्थापन समितीत कोणी काम केले असल्यास, रिकाम्या वर्गाचा प्रश्न तेथे मांडून काही हलले का, की सह्यांपुरत्याच सभा होतात? मराठीतून आलेल्या मुलांना सेमी-इंग्रजीत स्थिरावायला साधारण किती काळ लागला, तेही कळवावे. गणवेश, वह्या-पुस्तके इत्यादी २७ वस्तू महापालिका मोफत देते हे माहीत आहे, त्याविषयी शंका नाही.

खासगी शाळेने पैसे भरण्यासाठी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली आहे आणि एकदा भरलेली रक्कम परत मिळत नाही, त्यामुळे त्याआधी उत्तरे मिळाल्यास येत्या रविवारी सहाही घरांना एकत्र बसवता येईल.