शब्दचर्चा : क्लबमॉस, शेवाळ आणि घळ

प्रश्न (इंदूर)
नमस्कार. लेकीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात ‘क्लबमॉस’ आलं. मराठीत समजावताना मी ‘गदाशेवाळ’ म्हणून मोकळी झाले. शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे मोरीत होतं ते?” तेव्हापासून शब्द बोचतोय. शिवाय ते ‘डोंगरातल्या रॅव्हिनमध्ये’ वाढतं म्हणे. रॅव्हिनला काय म्हणावं? बीहड?

उत्तर
ताई, सासूबाईंनी नेमकं बोट ठेवलंय. मोरीतलं बुळबुळीत हिरवं ते शैवल. पावसाळ्यात भिंतीवर मखमलीसारखं उगवतं ते मॉस, परिभाषेत हरिता. बोलताना आपण दोन्हींना शेवाळच म्हणतो. क्लबमॉस मात्र या दोन्हींत बसत नाही. त्याला खरी मुळं असतात, खोडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या असतात आणि इवल्याशा पानात एकच शीर. नेच्यांसारखं (फर्नसारखं) बीऐवजी बीजाणूंवर, म्हणजे धुळीसारख्या बारीक कणांवर, वाढणारं, पण घराणं नेच्यांहूनही वेगळं. सुमारे 30 कोटी वर्षांपूर्वी याच घराण्यातले लेपिडोडेंड्रॉन 30 मीटर उंचीचे वृक्ष होते आणि युरोप-अमेरिकेतल्या दगडी कोळशात त्यांचा मोठा वाटा आहे. अशा झाडाला शेवाळ म्हणणं मला पटत नाही.

‘क्लब’चं भाषांतर तुम्ही बरोबर केलंत, फक्त गदेपेक्षा तालमीतला मुद्गर जवळचा. मुठीशी बारीक, टोकाकडे जाड. लायकोपोडियम या क्लबमॉसच्या फांदीच्या टोकाला बीजाणूंची उभी कणसं येतात ती तशीच दिसतात. पिकलेल्या कणसाला टिचकी मारली की फिकट पिवळी पूड उडते. ती ज्योतीवर फुंकली तर भपकन पेटते. जुन्या रंगभूमीवर विजेचा लखलखाट दाखवायला ती वापरत. माझी सूचना : ‘मुद्गरी’. शेवाळ गाळा.

आता रॅव्हिन. मध्य प्रदेशात राहणाऱ्याला भिंड-मुरैनाकडचं चंबळचं बीहडच आठवणार. पण ती पाण्यानं कातरलेली मातीची, उन्हानं भाजलेली जमीन. तिथे मुद्गरी टिकायची नाही. दरी म्हणावं तर दरी रुंद, वर आकाश मोकळं. इथे हवा तो शब्द ‘घळ’ : अरुंद, दोन्ही बाजूंचे कडे अंगावर आलेले, तळाशी पाणी, ऊन दुपारी घटकाभर. गंमत बघा, बीहडातून वाहणारी चंबळ उगम पावते ती आपल्या महूजवळच्या जानापावच्या डोंगरात.

घळच का, तर या वनस्पतींना बी नसतं. बीजाणू रुजून जे बारीकसं रोप होतं, त्यावरची पुंपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत अंडपेशीपर्यंत जाते. ओल नसेल तर पुढची पिढीच नाही. म्हणून सावलीतली कपार, धबधब्याचे तुषार, धुक्याचा डोंगर. पूर्व हिमालय, निलगिरी, दक्षिण सह्याद्री ही त्यांची भारतातली मुख्य ठाणी. एक जात रस्त्याकडेच्या ओल्या दरडींवर छोट्या ख्रिसमस ट्रीसारखी उभी राहते, दुसरी जंगलात झाडांवरून लोंबते.

माळव्याच्या पठारावर वर्षातले सात-आठ महिने कोरडे. इथे भेटतं ते चुलत भावंड, सिलाजिनेला. श्रावणात पातालपानीच्या धबधब्याजवळ एका झिरपत्या दरडीवर मी गुडघे टेकून ते पाहिलं होतं. चपटी फांदी, पानांच्या चार ओळी : मोठ्या पानांच्या दोन ओळी बाजूंना, बारीक पानांच्या दोन ओळी फांदीच्या वरच्या अंगाला, वेणी घातल्यासारख्या. भिंग नेलंत तर लेकीला पुस्तकातलं सगळं तिथेच दिसेल.

पुन्हा प्रश्न
‘मुद्गरी’ आवडला, वहीत लिहिला. बाजारात एक जण ‘संजीवनी’ म्हणून वाळक्या तपकिरी मुठी विकत होता. रात्री बशीत पाणी घालून ठेवली, सकाळी हिरवीगार पसरलेली. हीसुद्धा मुद्गरीच का? घळीतली?

उत्तर
ती सिलाजिनेला ब्रायोप्टेरिस, विंध्य-सातपुड्याच्या खडकांवरची. पाणी संपलं की फांद्या आत वळवून मूठ आवळते, ओल मिळाली की उलगडते. या उलगडण्यामुळेच ‘संजीवनी’ नाव पडलं आणि ते लोकांच्या तोंडी बसलंय, तेव्हा राहू द्या. फक्त लक्ष्मणासाठी आणलेली ती हीच, असं लेकीला सांगू नका. आणि ती मुळासकट उपटून आणतात, म्हणून दुसरी घेऊ नका. मुद्गरीचं भावंड म्हणायला हरकत नाही. पण घळीतली नको, खडकावरची म्हणा.