श्रीलंका : वाटाघाटीत विरोधी पक्षाची खुर्ची कुठे होती?

दर्यावर्दी

श्रीलंकेच्या युद्धाचा विषय निघाला की आपण स्वतंत्र तमिळ राज्यासाठी लढणाऱ्या वाघांचा (एलटीटीई) नेता प्रभाकरन, भारताची शांतिसेना आणि राजीव गांधींची हत्या एवढ्यावर थांबतो. मला वाटतं, तिथली शांतता उत्तरेतल्या वन्नीच्या जंगलात जितकी मेली, तितकीच कोलंबोत दोन सिंहली पक्षांच्या वैरात मेली.

१९५७ मध्ये पंतप्रधान बंडारनायके यांनी तमिळ नेते चेल्वनायकम यांच्याशी करार केला. तमिळ भागांना प्रादेशिक मंडळं आणि कारभारात तमिळ भाषेला जागा मिळणार होती. विरोधातल्या युनायटेड नॅशनल पार्टीचे जयवर्धने लगेच कराराविरुद्ध कँडीच्या पदयात्रेला निघाले. पुढे भिक्खू पंतप्रधानांच्या दारात बसले, एप्रिल १९५८ मध्ये करार मोडला आणि मे महिन्यात दंगली पेटल्या. १९६५ मध्ये युनायटेड नॅशनल पार्टीचे पंतप्रधान डडली सेनानायके यांनी तसाच करार केला, तर विरोधाला उभा राहिला बंडारनायकेंचाच पक्ष! तेव्हा वाघांची संघटना जन्मालाही आलेली नव्हती.

२००२ मध्ये पुन्हा तेच. युनायटेड नॅशनल पार्टीचे पंतप्रधान रनिल विक्रमसिंघे यांनी २२ फेब्रुवारीला वाघांशी युद्धबंदी केली. राष्ट्राध्यक्ष चंद्रिका कुमारतुंगा दुसऱ्या, म्हणजे बंडारनायकेंच्या पक्षाच्या, त्यांना विश्वासात घेतलं नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये रनिल वॉशिंग्टनला असताना चंद्रिकांनी संरक्षणासह तीन खाती काढून घेतली. बंडखोरांशी बोलण्याआधी विरोधकांशी बोलायला हवं होतं.

घाटमाथा

असहमत. वाघ स्वतःच एप्रिल २००३ मध्ये चर्चेतून बाहेर पडले होते. खाती गेली त्यानंतर सहा महिन्यांनी. हा क्रम विसरून चालणार नाही.

आणि प्रतिस्पर्धी पक्षांचं म्हणाल, तर ज्या संघटनेने १९८९ मध्ये तमिळ नेते अमिर्तलिंगम यांना, १९९९ मध्ये नीलन तिरुचेल्वम यांना मारलं, तिने आपल्याच समाजात दुसरा पक्ष जगू दिला नाही. तिरुचेल्वम तर अधिकारवाटपाच्या मसुद्यावर काम करणारे घटनातज्ज्ञ होते.

तोडगा सुचवायला सर्वपक्षीय समिती २००६ मध्ये नेमलीच होती. ती बैठका घेत राहिली आणि निकाल २००९ मध्ये रणांगणावर लागला. सगळ्यांची संमती हवी म्हटलं की सर्वात आडमुठ्या पक्षाच्या हाती किल्ली जाते.

दर्यावर्दी

क्रमाचा मुद्दा मान्य, मी तो लिहायला हवा होता. पण २००६ च्या समितीत मुख्य विरोधी पक्ष टिकला नाही आणि तमिळ पक्षांच्या आघाडीला, तमिळ नॅशनल अलायन्सला, बोलावलंच नव्हतं. तिला सर्वपक्षीय कसं म्हणायचं?

खरी अडचण श्रेयाची आहे. १९९७ मध्ये चंद्रिका आणि रनिल यांच्यात पत्रांची देवाणघेवाण झाली होती: सत्तेत कोणीही असो, तोडग्यात खोडा घालायचा नाही. तरीही ऑगस्ट २००० मध्ये अधिकारवाटप करणाऱ्या नव्या घटनेच्या विधेयकाच्या प्रती रनिल यांच्या खासदारांनी सभागृहात जाळल्या. दोन तृतीयांश मतं जुळत नव्हती, विधेयक बारगळलं. निवडणूक तोंडावर होती आणि पत्राला बांधील राहण्यात विरोधकांचा काही फायदा नव्हता. श्रेयात वाटा आधीच ठरवून द्यायला हवा, असं मी म्हणतो ते यासाठी.

कौलारू

माझे मामा शांतिसेनेत होते, म्हणून हा विषय आमच्या घरचा आहे. तुम्ही दोघंही सिंहली आणि तमिळ एवढंच मोजताय. ऑक्टोबर १९९० मध्ये वाघांनी उत्तरेतल्या मुसलमानांना हाकललं. जाफनात तर त्यांना काही तासांत घरं सोडावी लागली. २००२ च्या चर्चेत त्यांना स्वतंत्र शिष्टमंडळ मिळालं नाही. ज्यांची घरं गेली त्यांना बोलू न देता केलेल्या तडजोडीला मी शांतता म्हणणार नाही.

आणि नेपाळ विसरू नका. नोव्हेंबर २००५ मध्ये सात पक्ष आणि माओवादी यांच्यात दिल्लीत बारा कलमी समझोता झाला आणि वर्षभरात सर्वंकष शांतता करार. तिथले पक्षही एकमेकांचे वैरीच होते.

घाटमाथा

नेपाळमध्ये राजाने सत्ता हाती घेतली होती, सगळ्यांना एकच विरोधक मिळाला. लंकेत असा कोण होता? १९५७ बद्दल मात्र दर्यावर्दींचं पटतं. बंदूक आल्यावर केवळ खुर्च्या वाढवून भागलं असतं, हे पटत नाही.

दर्यावर्दी

बंदुकीचा प्रश्न नसलेलं एक उदाहरण देतो. २००४ च्या त्सुनामीत लंकेत तीस हजारांहून जास्त माणसं गेली. त्सुनामीग्रस्तांसाठी आलेली मदत उत्तर-पूर्वेत वाघांसह मिळून वाटण्याची यंत्रणा जून २००५ मध्ये ठरत होती. ती होणार म्हणताच जनता विमुक्ती पेरामुना हा डावा सिंहली पक्ष सरकारमधून बाहेर पडला, न्यायालयात गेला आणि जुलैत त्यातल्या महत्त्वाच्या भागांना स्थगिती मिळाली. ते पैसे घरं वाहून गेलेल्या कोळ्यांसाठी होते.