घरच्या बोक्याला बाहेरच्या बोक्यापासून कसे वाचवावे?

परसदार

साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी आमचे जुने घर आहे. मागे परसदार, विहीर, आंब्याची दोन झाडे आणि सरपणाची खोपी आहे. आमचा बंड्या दीड वर्षाचा असून त्याची नसबंदी झालेली नाही. गेल्या दोन महिन्यांत तो तीन वेळा जखमी होऊन आला. तिसऱ्या वेळी बाहेरून फक्त टाचणीएवढे भोक दिसत होते, म्हणून आम्ही हळद लावून थांबलो; चौथ्या दिवशी त्याचा गाल सुजला, अंग तापले, त्याने खाणे सोडले आणि पशुवैद्यांना चीर देऊन पू काढावा लागला. त्याला मारणारा बोका पिवळा, मोठ्या गालफडांचा आहे आणि पहाटे येतो. खोपीत एका भटक्या मांजरीने चार पिल्ले घातली आहेत. तिच्यासाठी आम्ही रात्री परसात माशाचा भात ठेवतो.

शेजारचे काका म्हणतात, बोक्याला पोत्यात घालून यवतेश्वर घाटात सोडून द्या. तसे करण्यास माझे मन धजत नाही. पण बंड्याला कोंडले तर तो रात्रभर दाराशी ओरडतो. आता काय करावे?

नदीकाठ

सर्वप्रथम बंड्याची नसबंदी करून घ्यावी, ही कळकळीची विनंती. आपण त्याला मार खाणारा समजत आहात, परंतु दीड वर्षाचा, नसबंदी न झालेला बोका माजावरच्या मांजरींच्या मागे आणि स्वतःची हद्द राखण्यासाठी आपणहून लांबवर जातो. भांडणाच्या जागी तो स्वतःच पोहोचत असतो. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांत शरीरातील नर संप्रेरके ओसरतात आणि बहुतेक बोक्यांचे भटकणे, भांडणे व भिंतींवर मूत्र फवारणे बरेच कमी होते. रात्रीचे ओरडणेही पुष्कळदा त्याबरोबरच कमी होते.

चाव्याविषयी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मांजराचा सुळा बारीक आणि लांब असल्यामुळे जंतू खोल जातात, वरची त्वचा लगेच मिटते आणि आत तीन-चार दिवसांत गळू तयार होते. म्हणून भोक कितीही लहान दिसले तरी त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जावे. घरातली तापाची गोळी मात्र चुकूनही देऊ नये, कारण पॅरासिटामॉलची एकच गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. मांजरांमधील प्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणू, ज्याला एफआयव्ही म्हणतात, तो मुख्यतः अशा खोल चाव्यांतूनच पसरतो. त्याची चाचणी थोड्याशा रक्तावर होते, ती काही आठवड्यांनी करून घ्यावी. रेबीजची आणि मांजरांची तिहेरी लस राहिली असल्यास तीही द्यावी.

जाळीवाले

आमचे घरही असेच परसदाराचे असल्यामुळे अनुभवाने लिहितो. मांजराला दिवसभर कोंडण्याची गरज नसते. धोका मुख्यतः संध्याकाळपासून उजाडेपर्यंत असतो. त्या वेळेत भांडणे होतात, वाहनांच्या दिव्यांनी मांजर बावचळते आणि उन्हाळ्या-पावसाळ्यात घोणस, मण्यार बाहेर पडतात. आम्ही दिवसाचे मुख्य जेवण सूर्यास्ताच्या सुमारास, घरातच, ताटलीवर चमचा वाजवून देऊ लागलो. दोन-तीन आठवड्यांत आमची मांजरी त्या आवाजाला धावत येऊ लागली आणि त्यानंतर दार बंद झाले की ती सकाळीच बाहेर पडते. पहिले काही दिवस ती ओरडली. त्या वेळी एकदा जरी दार उघडले असते, तर ओरडल्यावर दार उघडते हेच ती शिकली असती. झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे दोरीला पीस बांधून तिला मनसोक्त पळवले आणि मग थोडे खायला दिले, तर ती शांत झोपते.

मागच्या पडवीला आम्ही एक इंची चौकोनाची वेल्ड केलेली लोखंडी जाळी लावली. कबुतरांसाठी मिळणारी नायलॉनची जाळी मांजर दातांनी तोडते, तिच्यावर विसंबू नये. विहिरीवरही जाळी आवश्यक आहे. गळ्यात साधी दोरी बांधू नये, कारण ती फांदीत अडकून फास बसतो. ताण पडताच सुटणारा पट्टा मिळतो, तोच वापरावा.

शेजारीपाजारी उंदरांचे औषध कोण टाकतो, याची चौकशीही करावी. ब्रोमॅडिओलोनसारखे औषध खाल्लेला उंदीर मांजराने खाल्ला तर रक्त गोठण्याची क्रिया बंद पडू शकते आणि लक्षणे काही दिवसांनी दिसतात. वेळेत कळले तर के जीवनसत्त्वाने उपचार होतो, म्हणून औषधाचे पाकीट जपून ठेवण्यास त्यांना सांगावे.

सह्याद्रीची लेक

काकांचा सल्ला मानू नये. घाटात सोडलेला बोका परत येण्याच्या धडपडीत रस्त्यावर मरतो किंवा उपाशी राहतो, आणि इथली रिकामी झालेली जागा दुसरा बोका घेतो, कारण अन्न आणि मांजरी तिथेच असतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार, भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणे हा गुन्हाही आहे. शिवाय पोत्यात कोंबताना तो चावला, तर काकांना साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे जखम धुऊन रेबीजच्या लशींसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा लागेल.

त्या पिवळ्या बोक्याचीही नसबंदी करावी. मोठी गालफडे ही पूर्ण वाढलेल्या, नसबंदी न झालेल्या बोक्याची खूण असते. शस्त्रक्रियेनंतर तो बहुधा याच परसात राहील, पण त्याचे भटकणे आणि बंड्याशी भांडणे बरेच कमी होईल. रात्रभर भात ठेवणे मात्र आजच थांबवावे. मांजरीला दिवसा, ठरावीक वेळी द्यावे आणि अर्ध्या तासात ताटली उचलावी.

परसदार

सर्वांचे मनापासून आभार. बंड्याची शस्त्रक्रिया पुढच्या सोमवारी ठरली आहे. खोपीतली मांजरी मात्र काल पिल्लांना उचलून माळ्यावर घेऊन गेली. सासूबाई म्हणतात, ती आता सात घरे फिरवणार. तिला कधी पकडावे?

सह्याद्रीची लेक

जागा बदलणे स्वाभाविक आहे, विशेषतः कोणी वारंवार डोकावत असेल तर. पिल्लांना हात लावू नये. दार अडवू नये. पिल्ले साधारण आठ आठवड्यांची होऊन स्वतः खाऊ लागली की आईची नसबंदी करावी. त्याहून फार उशीर नको, कारण दूध पाजत असतानाही मांजरी पुन्हा गाभण राहू शकते आणि जेमतेम नऊ आठवड्यांत नवी पिल्ले होतात. पिल्लेही चार-पाच महिन्यांची झाली की त्यांचीही करावी.

पकडण्यासाठी प्राणिमित्र संस्थेकडून सापळ्याचा पिंजरा मागून घ्या. आठवडाभर तो उघडाच ठेवून त्याच्या आत जेवण द्यावे, म्हणजे तिची भीती जाते. दार पडताक्षणी पिंजऱ्यावर जाड चादर टाकावी. अंधारात मांजर लवकर शांत होते. पशुवैद्यांना आधी सांगून, शस्त्रक्रियेच्या वेळीच कानाचे टोक कापून घ्यावे, म्हणजे तीच मांजरी पुन्हा पकडली जाणार नाही. पिवळ्या बोक्यासाठीही हाच पिंजरा वापरता येईल. फक्त तो पहाटे येतो, तेव्हा त्या आठवड्यात बंड्याला उजाडेपर्यंत आत ठेवावे लागेल.