स्कूबा केलं, पॅरासेलिंग केलं, पण रडू फुटलं ते पालखीखाली. असं का?

शिमग्याचा चाकरमानी
मंडळी, मनापासून विचारतोय. वय 39, नोकरी ठाण्यात, गाव गुहागर तालुक्यात. दोन-तीन वर्षं वाटतंय की नुसते दिवस ढकलतोय, म्हणून डिसेंबरात तारकर्लीला स्कूबा केलं, देवबागला पॅरासेलिंगपण. पाण्याखाली पहिला श्वास घेतला तेव्हा छाती धडधडत होती, भारी वाटलं, पण घरी पोचेपर्यंत उतरलंसुद्धा. आणि यंदा शिमग्याला पालखी खांद्यावर आली, ढोल कानाशी, खांदा सोलवटलेला, पाय कुठे पडतायत कळत नव्हतं आणि एकदम रडूच फुटलं. दोन महिने झाले, अजून आठवलं की काटा येतो. आता दरवर्षी काहीतरी मोठं लागणारच का मला?

किनाऱ्यावरचा
मी मालवणात स्कूबाच्या बोटीवर चार सीझन काम केलंय. नवख्याचा हात गाईड सोडतच नाही, म्हणजे घाबरायचं तुम्ही आणि सांभाळायचं त्याने. पालखीत तुमचा खांदा निसटला तर भार शेजारच्यावर जातो. मला वाटतं फरक तिथेच आहे.

मास्तरीण
तीव्र अनुभवाची ओढ माणसागणिक कमीजास्त असते, झुकरमन या मानसशास्त्रज्ञाने 1964 मध्ये ती मोजायची प्रश्नावलीच केली, आणि वयाबरोबर ती साधारण ओसरते, तेव्हा घाबरू नका. पण तुमचं वाचून मला दुसरंच आठवलं. स्पेनमधल्या एका गावात लोक निखाऱ्यांवरून चालतात, तिथला अभ्यास 2011 मध्ये आला. चालणाऱ्याच्या आणि बघणाऱ्या नातेवाइकांच्या हृदयाचे ठोके सोबतच चढत-उतरत होते, परक्या प्रेक्षकांचे नाही! सहाणेवर, म्हणजे पालखी बसते त्या जागी, उभ्या असलेल्या तुमच्या आईचं काय होत असेल तेव्हा, विचार करा.

हर्णैकर
आमचा धंदा मासेमारीचा. 1 जून ते 31 जुलै बंदी, त्यानंतर पहिल्यांदा बोट काढतो तेव्हा दर्या अजून खवळलेलाच असतो. एकदा वाऱ्यात सापडलो, तेव्हा जिवंतबिवंत काही वाटलं नाही हो, नुसती पोरं डोळ्यासमोर. बंदराला लागल्यावर आईने गरम पेज आणि भाजलेला सुका बांगडा दिला, तशी चव परत कधी लागली नाही. म्हणून सांगतो, मुद्दाम धोका शोधत फिरू नका, पावसात खडकांवर तर अजिबात जाऊ नका.

शिमग्याचा चाकरमानी
मास्तरीणबाई, आईला आत्ताच फोन केला. म्हणाली, पालखी तुझ्या खांद्यावर असेपर्यंत मी पदर घट्ट धरून उभी होते. मला माहीतच नव्हतं. नमनात, म्हणजे आपल्या कोकणातल्या लोकनाट्यात, मृदंग वाजवणाऱ्या काकांनाही विचारलंय, शिकवाल का म्हणून. गणपतीला दोन दिवस आधी ये म्हणाले.