अस्वल पकडून न्या म्हणायचं, की आणखी काही मागायचं?

जांबोटी रस्ता
मोठ्या मामांवर अस्वलानं हल्ला केला त्याला येत्या काजूत दोन वर्षं होतील. पहाटे बोंडू, म्हणजे काजूची फळं, वेचायला गेले होते. तांबडं फुटत आलं म्हणून बॅटरी विझवून खिशात टाकलेली. अस्वल झाडाखाली बोंडूच खात बसलं होतं. एकमेकांची चाहूल लागली तेव्हा दोघांत पाच-सहा हातांचं अंतर होतं. मामांचा डावा डोळा गेला, गालाची कातडी लोंबत होती. झोळी करून डांबरी सडकेपर्यंत आणलं, तिथून टेम्पोनं खानापूर. खानापुरात पट्टी बांधून सांगितलं, बेळगावला न्या. आणखी २६ कि.मी. डॉक्टरांनी हात लावला तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

यंदा पुन्हा अर्ज चाललाय: अस्वल पिंजऱ्यात धरा आणि लांब सोडा. मी त्यावर सही केलेली नाही. मामांचाच भाचा असून सही करत नाही, याचा गावात अनेकांना राग आलाय, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

धरून सोडणार कुठे? आपल्या भीमगड अभयारण्याच्या एका अंगाला गोव्याची म्हादई, खाली दांडेली-काळीचं रान, वर चंदगड-तिलारी. सगळं एकाला एक लागून आहे आणि सगळीकडे आपल्यासारखीच वाड्या-वस्तीची माणसं राहतात. अनोळखी रानात सोडलेलं जनावर जास्त भटकतं. आणि इथे बोंडू, फणस, वारुळं तशीच राहिली तर रिकाम्या जागी दुसरं अस्वल येतंच.

अस्वल माणूस खायला येत नाही. त्याला दिसतं कमी, ऐकूही फार येत नाही, सगळी भिस्त नाकावर. वारूळ फोडून वाळवी ओढताना ते स्वतःच इतका फुरफुराट करतं की आपली पावलं त्याला कळत नाहीत. वरचे मधले दोन दात नसतात, त्या फटीतून ते वाळवी ओढून घेतं. अचानक जवळ माणूस दिसला की घाबरून अंगावर येतं आणि घाव थेट तोंडावर, डोक्यावर घालतं. म्हणून मी म्हणतो, अर्ज दवाखान्याच्या गाडीसाठी करा, सडकेसाठी करा, तालुक्याला चेहऱ्याच्या जखमा शिवू शकणारा डॉक्टर मागा.

शिरोली फाटा
दादा, तुमच्या मामांबद्दल वाईट वाटतं. पण तुमी आता बेळगावात ऱ्हाऊन बोलूलालाय. आमी इथं भात राखायला माळ्यावर झोपतोय. गवा येतो, डुक्कर येतं, त्येंला हाकलता येतं. अस्वल हाकलायला गेलं की उलटं अंगावर येतं. त्येचं नाक कसं आणि दात कसे हे ऐकून माझ्या पोराला काय उपयोग? एकाच वाटेवर एकच अस्वल चारदा दिसलं तर ते धरायला नको? माणूस मेल्यावरच पिंजरा आणायचा काय?

फिरता मास्तर
शिरोलीकर, तुमची भीती खरी आहे, पण कायदा बघून बोलावं लागेल. १९७२च्या वन्यजीव कायद्यात अस्वल पहिल्या अनुसूचीत आहे. ते माणसाच्या जिवाला धोका झालंय अशी खात्री पटली, तरच राज्याचे मुख्य वन्यजीव अधिकारी लेखी परवानगी देऊ शकतात. नुसतं दिसलं म्हणून मिळत नाही. मात्र त्याच कायद्यात हेही आहे की स्वतःचा जीव वाचवताना चांगल्या हेतूनं जनावर मारलं गेलं, तर तो गुन्हा नाही. हे गावात कुणी सांगत नाही, म्हणून माणसं जखम लपवतात आणि उपचाराला उशीर करतात. गेल्या कितीतरी वर्षांत हे मला सगळ्यात जास्त खुपलेलं आहे.

आमच्या लहानपणी दरवेशी अस्वल घेऊन गावात यायचा. नाकात दोरी, दात पाडलेले. पोरांच्या ताईतासाठी आम्ही त्याचे केस मागून घ्यायचो. ती पिल्लं रानातूनच, आईला मारून आणलेली असायची. आज ते अस्वल आठवलं की लाज वाटते.

माळावरचा
मास्तर, लाज वगैरे ठीक. पण २०११ला भीमगड अभयारण्य झालं आणि तेव्हापासून हा त्रास वाढला. आधी नव्हता. जनावराला १९० चौ.कि.मी. दिलं, माणसाला काय दिलं? सडक मागितली की वनखात्याची परवानगी नाही. वीज मागितली की तेच.

जांबोटी रस्ता
सडकेचं तुमचं शंभर टक्के बरोबर, माझं भांडण तिथेच आहे. पण अस्वल २०११ला आलं नाही. आजी तिच्या तरुणपणीच्या गोष्टी सांगायची त्यात अस्वल आहेच. बदललं काय असेल तर आपण काजू लावत लावत रानाच्या कडेपर्यंत गेलो. गोड वासाचं फळ खाली पडून कुजतंय, आणि ज्याचं सगळं आयुष्य नाकावर चालतं त्यानं येऊ नये असं म्हणायचं.

नेरसेची लेक
पुरुषांचं सगळं बोलून झालं असेल तर मी बोलते. करवंदाला, सरपणाला, शेणाला रानाच्या कडेला कोण जातं? बाया. पहाटे का जातो, तर नंतर घरचं आवरायचं असतं, पोरांची शाळा असते. "उजाडल्यावर जा" हे सांगणं सोपं आहे. आम्ही चौघी-पाचजणी मोठ्यानं बोलत जातो, काठीनं पाला बडवत जातो, वारूळ फोडलेलं ताजं दिसलं की मागे फिरतो. पिल्लू पाठीवर घेतलेली मादी एकदा पंचवीस पावलांवरून बघितली आहे. आम्ही हळूहळू मागे सरलो, पळालो नाही, ती निघून गेली. एकटी असते तर काय झालं असतं, त्याचा विचार करवत नाही.

मला पिंजरा नको आणि नुसता डॉक्टरही नको. ज्या घरात अजून चूल पेटते तिथे गॅस परवडेल असं करा. पडलेले बोंडू त्याच दिवशी संध्याकाळी उजेडात उचलायचे असं सगळ्या बागवाल्यांनी ठरवा, रात्रभर झाडाखाली ठेवू नका. हे फुकटात होतं.

शिरोली फाटा
ताई, बोंडवाचं पटलं. आमच्याकडं दोन-दोन दिवस पडून असतात हे खरं हाय. पण मजूर मिळत न्हाई म्हणून पडतात, आळसानं न्हाई.

फिरता मास्तर
आणखी एक. हल्ला झाल्यावर घाव नुसता धुऊन बसू नका. पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवा आणि रेबीजची लसही घ्या, दवाखान्यात स्वतः विचारा. भरपाईसाठी दवाखान्याचे कागद, फोटो, पंचनामा पहिल्या दिवसापासून जपा.

माळावरचा
कागद कन्नडमध्ये, मास्तर. मामांच्या वयाच्या माणसानं कुणाला विचारायचं?

जांबोटी रस्ता
मामांचे कागद भरायला आम्ही तीन खेपा केल्या. तिसऱ्या खेपेला एका कन्नड बोलणाऱ्या पोरानं, ओळख ना पाळख, बसून सगळं भरून दिलं. प्रत्येक पंचायतीत असा एक माणूस ठरवून ठेवायला हवा.

आणि फोन. आमच्या वाडीत १०८ला फोन लावायला टेकडीवर चढावं लागतं. ज्याचा गाल फाटलाय त्याच्या बायकोनं टेकडी चढायची का?

शिरोली फाटा
बरं. अर्ज माझ्याकडंच हाय. पिंजऱ्याची ओळ मी काढणार न्हाई, माझं पोर रोज त्याच वाटेनं शाळेला जातंय. खाली जागा ऱ्हायलीय. गाडीची, टॉवरची, डॉक्टरची ओळ तुमी लिवा, कन्नडात कोण लिवणार ते मास्तर बघतील. सोमवारी सकाळी मी खानापूरला जाणार हाय.

जांबोटी रस्ता
रविवारी संध्याकाळी येतो. मामाही येतो म्हणालेत.