मदत हवी आहे: मामांच्या लिव्हर कॅन्सरचा रिपोर्ट

मामांना जुना हिपॅटायटिस बी, त्यातून सिरॉसिस (लिव्हर कडक होऊन निकामी होत जाणं). हल्ली जेवण तुटलं, अंग पार उतरलं, पोटात पाणी झालं. ट्रायफेजिक सीटीत (डाय देऊन तीन टप्प्यांत काढलेला स्कॅन) ६ सेंमीची गाठ, एएफपी (लिव्हर कॅन्सरमध्ये बऱ्याचदा वाढणारं रक्तातलं प्रथिन) ९०० च्या वर, चाइल्ड-प्यू बी (लिव्हर किती चालतं त्याची श्रेणी; ए सगळ्यात बरी, सी सगळ्यात वाईट). गाठीइतकंच उरलेलं लिव्हर किती चालतं यावरही पुढचं ठरतं, एवढं समजलंय.

अडलंय ते एका ओळीवर: ‘पोर्टल व्हेन थ्रॉम्बोसिस’, म्हणजे लिव्हरला रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेत अडथळा. ही नुसती रक्ताची गुठळी की गाठच शिरेत घुसलीय? गाठ घुसली असेल तर बीसीएलसी (लिव्हर कॅन्सरचे टप्पे ठरवायची पद्धत) स्टेज थेट सी, म्हणजे पुढची होते, उपचारही बदलतात. सीटीवरून हे सांगता येतं का? परळला टाटामध्ये दुसरं मत घेताना जुन्या स्कॅनची सीडी चालते का? बायोप्सीचं अजून कुणी बोललेलं नाही, सिरॉसिसमध्ये बऱ्याचदा सीटीवरच निदान होतं म्हणे. अनुभवी मंडळींनी सांगावं. काढे कृपया सुचवू नका, घरात त्यावरून आधीच वाद चालू आहेत.