रेडिओवर दोघं एकदम बोलले की येणारी शिट्टी वर्गात कशी ऐकवू?

नववीच्या मुलांना टेनेरिफचा अपघात शिकवतेय (धावपट्टीवर केएलएम आणि पॅन अ‍ॅम या कंपन्यांची दोन विमानं धडकली; २७ मार्च १९७७, ५८३ बळी). टॉवरने केएलएमला "ओके" म्हणून पुढे थांबायला सांगितलं, त्याच क्षणी पॅन अ‍ॅमही बोललं. केएलएमच्या कॉकपिटमध्ये "ओके" स्वच्छ पोचलं, पुढे नुसती कर्कश शिट्टी. तीच ऐकवायची आहे.

खेळण्यातले दोन वॉकीटॉकी एकदम दाबून पाहिले. पण ते एफएम, जवळचा सेट दुसऱ्याला गिळून टाकतो. विमानांचा रेडिओ एएम, म्हणून तिथे शिट्टी येते, एवढं कळलंय.

यूट्यूबचं रेकॉर्डिंग नकोय, बटण मुलांनीच दाबायचंय. विमानांच्या बँडला अर्थातच हात लावणार नाही. घरी मीडियम वेव्हचा (म्हणजे एएमच) जुना ट्रान्झिस्टर आहे. परवान्याची भानगड न होता त्यावर ही शिट्टी कशी काढता येईल?